पोलीसबाई म्हणाली, ‘आनि…’

रविवार, १५ जून १९९७

माझं आयुष्य आज दुपारी नाथाभाऊंच्या केबलच्या खोलीत बदललं. नक्की क्षण सांगायचा तर, पडद्यावरच्या जपानी पोलीसबाईने जळत्या पुलावरून मागे वळून पाहिलं, समोर लांब कोटातला हिरो उभा होता, तिचे ओठ थरथरले आणि ती म्हणाली, ‘आनि…’ तेव्हा.

पुढे काही नाही. नुसतं ‘आनि’. एपिसोड संपला.

जपानी बाई. तीही चित्रातली. एक हात लोखंडाचा. आणि बोलली काय, तर आपल्या श्रीरामपूरच्या भाजीबाजारातलं ‘आनि’! प्रेम असल्याशिवाय असं वाक्य अर्धवट राहत नाही.

शेजारी यशोधरा बसली होती. म्हटलं, ऐकलंस? ती म्हणाली, ऐकलं, आता तो टीव्ही बंद कर, मला नळाला पाणी येणार नसल्याची सूचना वाचायची आहे.

सोमवार, १६ जून

काल लिहायचं राहून गेलं ते आज. म्हातारपणी वाचताना माझाच गोंधळ नको.

नाथाभाऊ म्हणजे गोरक्षनाथ, वॉर्ड सातच्या केबलचे मालक, माझे सध्याचे साहेब. त्यांच्या मेव्हण्याचं शिर्डीला लॉज आहे. तिथे एक जपानी पाहुणा खोकंभर कॅसेटी विसरून गेला. वर्षभर कुणी न्यायला आलं नाही म्हणून खोकं आमच्याकडे आलं. आत सिरीयल निघाली. कार्टूनच, पण पोरासोरांचं नव्हे. कायम रात्र असलेलं शहर, निळे-गुलाबी दिवे, निम्मी माणसं निम्मी यंत्रं, पोलीस, गोळीबार, निळ्या बाटल्यांची तस्करी. भाषा जपानी, त्यामुळे कुणाला काडीचं कळत नाही. नाथाभाऊ ती फक्त परदेशी कॅसेटी चालवणारा मल्टीसिस्टम व्हीसीआर तपासायला लावतात.

हिरो मानेतून वायर काढतो आणि भिंतीत खुपसतो. मग त्याला शहरभरातलं सगळं दिसतं. म्हणजे आमच्याच लाईनीतला माणूस.

कॉलेज सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सरांनी वर्गासमोर विचारलं, सम्राट, ती वायर जोडतोयस की तिचा हार करतोयस? मी वायर टेबलावर ठेवली आणि निघून आलो. आता दिवसभर वायरच जोडतो, पण स्वाभिमानाने.

यशोधरा त्याच वर्गात होती. अजून आहे. फावल्या वेळात आमच्या केबलवर सूचना वाचते. ‘उद्या वॉर्ड सातमध्ये नळाला पाणी येणार नाही’ हे तिच्या तोंडून ऐकलं तरी माणसाची तहान भागते.

योजना ठरली. सिरीयल मराठीत करायची. दर रविवारी दुपारी चारला, थेट. मूळ आवाज बारीक ठेवायचा, वरून माइकवर मराठी. सगळे पुरुष मी, सगळ्या बायका यशोधरा. संवाद मी लिहिणार. म्हणजे मला तिच्या तोंडून जे ऐकायचंय ते मी लिहीन, ती वाचेल, आणि वाचता वाचता तिला पटेल. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचली कशी नाही!

दुसरं, राग आवरायचा. आजपासून.

गुरुवार, १९ जून

यशोधरा तयार झाली. म्हणाली, आवाजाची प्रॅक्टिस होईल. (बाकीचं हळूहळू होईल.)

एक शंका मात्र काढली. जपानी बाई मराठीत कशाला बोलेल? मी म्हटलं, आपला धम्म इथून निघून पार जपानपर्यंत पोचला की नाही? पोचला, म्हणाली. मग एवढा मोठा धम्म गेला, त्याच्याबरोबर एक ‘आणि’ जाणार नाही? ती पाण्याची सूचना वाचायला माइककडे वळली. पटलं असणार.

रविवार, २२ जून

पहिला एपिसोड झाला. हिरोचं नाव विक्रांत ठेवलं, पोलीसबाईचं रागिणी. निळ्या बाटल्यांत काय असावं यावर विचार केला. आपल्याकडे साखर कारखान्याच्या पट्ट्यात बाटल्यांची चोरून ने-आण कशाची होते? स्पिरिट! कथा एकदम सरळ झाली. विक्रांत स्पिरिटच्या टोळीत शिरलेला गुप्त पोलीस. रागिणी त्याच्यावर मरते, पण ड्यूटी आडवी येते.

एक अडचण. रागिणी त्याला बघितलं की दर वेळी ओरडते, ‘निसान!’ त्या नावाचा ट्रक आमच्या रस्त्यावर पण पळतो, मला माहीत आहे. आजूबाजूला गाड्याही असतातच. म्हणून मी लिहिलं, ‘गाडी आली, बाजूला हो!’ ओठाला ओठ जुळतात.

शेवटी तिचं ‘आनि…’ आलं. तिथे मी यशोधरेला ‘आणि…’ एवढंच वाचायला दिलं आणि पुढे तीन टिंबं काढली. म्हटलं, टिंबंसुद्धा वाच. ती म्हणाली, टिंबं कशी वाचतात? म्हटलं, मनातून. तिने वाचली. मला ऐकू आली.

बुधवार, २५ जून

राग आवरण्याच्या संकल्पात थोडा खंड.

भाजीवाल्या लंकाबाई भर बाजारात म्हणाल्या, काय रं सम्राट, तो तुजा हिरो येका टायमाला चार मानसांच्या तोंडातून येकच आवाज काढतोय, त्याला पडसं झालंय का समद्यांना? लोक हसले. मी शांतपणे शिडी घेतली, लंकाबाईंच्या घराकडे जाणारी वायर कापली आणि शांतपणे खाली उतरलो.

ती मेन लाईन होती. अर्ध्या वॉर्डाच्या टीव्हीवर मुंग्या.

नाथाभाऊ म्हणाले, मर्दा, बाईचं कनेक्शन तोडायला गेला आन् माजंच तोडलं व्हय? जोड आता. पावसात जोडली. शिडी लंकाबाईंनीच धरली, वर चहा पण दिला. तत्त्व म्हणून चहा पिणार नव्हतो. गार होईल म्हणून प्यायलो.

रविवार, ६ जुलै

तुफान! रविवारी चारला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ‘आणि…’ घरोघर पोचलंय. लंकाबाईंनी वांगी मोजून गिऱ्हाइकाला नेहमीसारखं विचारलं, आनि? तर नवीन लग्न झालेली बाई लाजली आणि पिशवी तिथेच ठेवून गेली. लंकाबाई मला म्हणाल्या, तुज्यामुळं मला आता धंद्यात तोंड उघडायची चोरी झाली.

यशोधरेला सांगितलं, आपण दोघांनी एका शब्दाला नवा अर्थ दिला. ती म्हणाली, दोघांनी नाही, तू दिलास, मी फक्त वाचते. विनयी आहे.

मंगळवार, ८ जुलै

वडिलांनी, म्हणजे आबांनी, जेवताना विचारलं, कॉलेजचा फॉर्म कधी भरतोयस? म्हटलं, मी सध्या लोकप्रबोधन करतोय. आबा वाद घालत नाहीत, भिंतीवरच्या फोटोकडे नुसतं बोट दाखवतात. कुणाचा फोटो, ते आमच्या घरात लिहावं लागत नाही. मी मान खाली घालून भाकरी खाल्ली.

आई म्हणाली, त्या पोरीला एकदा घरी आन जेवायला. कोणत्या पोरीला? तर म्हणे, जिच्या तोंडात तू समदं घालतोस तिला. आईला कसं कळलं?

रविवार, १३ जुलै

आज रागिणीच्या तोंडी लिहिलं होतं: ‘ज्याला डिग्री नाही पण ज्याचं हृदय मोठं आहे, असाच पुरुष मला आवडतो.’ यशोधरेने वाचलं. न अडखळता! त्या वेळी पडद्यावर रागिणी एका म्हाताऱ्याला बेड्या घालत होती, पण भावना पोचली.

नंतर तिने सांगितलं की नगरच्या आकाशवाणीत निवेदिकेच्या ऑडिशनला तिने अर्ज केलाय. निवड झाली तर आठवड्याचे चार दिवस नगर. मामाकडे राहायचं. मी म्हटलं, अभिनंदन.

म्हणजे आता वेळ थोडा आहे. तिने ते वाक्य पूर्ण केलंच पाहिजे. नगरला जायच्या आत.

रविवार, २० जुलै

सिरीयल संपली. खोक्यातली शेवटची कॅसेट. विक्रांत पुलावरून पाण्यात उडी मारतो, पोलीस गोळ्या झाडतात, रागिणी तिच्या साहेबांना आडवी येते, रडते आणि म्हणते, ‘आनि…’ खलास.

वॉर्ड सात पेटला. नाथाभाऊंकडे माणसं आली. आनि काय? पुढं काय? आमी पैशे कशाचे भरतो? नाथाभाऊंनी माझ्याकडे बोट केलं आणि आत जाऊन बसले.

पण मला एक गोष्ट दिसली होती. कॅसेटच्या अगदी शेवटी जाहिरात आहे. तोच विक्रांत, तीच रागिणी, मोठं चित्र, मोठा आवाज. सिरीयल संपते तिथून पुढे पिक्चर काढलाय! मी खुर्चीवर उभा राहिलो आणि शब्द दिला, पिक्चर आणणार, आणि त्यात रागिणी वाक्य पूर्ण करणार. टाळ्या पडल्या. खुर्चीचा एक पाय मोडका असल्यामुळे पडलो, पण टाळ्या आधीच्या होत्या.

वाक्य आजच लिहून टाकलं. ‘आणि मी तुझ्यावर प्रेम करते.’ साधं. पहिल्यांदा ‘अथांग’ घातलं होतं, ते काढलं.

शनिवार, २ ऑगस्ट

पिक्चर आला! नाथाभाऊंच्या ओळखीच्या व्हिडिओवाल्याने मुंबईहून पाठवला. नाथाभाऊ म्हणाले, ह्याच्या खाली इंग्लिश लिव्हलेलं हाय म्हने. मी म्हटलं, असू द्या, आपल्याला काय त्रास?

तारीख ठरली, सतरा ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी राखी पौर्णिमा. यशोधरेच्या घरी राखी पाळत नाहीत, आमच्याही नाही. त्यामुळे ऐन वेळी ती बाजू सुरक्षित.

रविवार, ३ ऑगस्ट

आज लिहिणार नव्हतो. लिहितो.

यशोधरा आणि मी पिक्चर पाहायला बसलो. पहिल्याच सीनला रागिणी साहेबांसमोर उभी आहे. साहेब काहीतरी ओरडतात. ती म्हणते, ‘आनि…’ आणि पुढे बोलत राहते. खाली इंग्लिश पळालं. मला पहिला शब्द लागेपर्यंत गेलं.

यशोधरा म्हणाली, मागे घे. घेतलं. परत घे. घेतलं. तिने वाचलं, ‘माझा थोरला भाऊ गुन्हेगार नाही.’

म्हटलं, कोणाचा भाऊ? म्हणाली, तिचा. विक्रांत. अरे, आनि म्हणजे थोरला भाऊ!

मी म्हटलं, छपाईची चूक. पुढे तो दिसला, ती ओरडली, ‘निसान!’ खाली लिहिलेलं, ‘दादा!’ यशोधरा हसायला लागली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पाच रविवार सख्खा भाऊ दिसला की आपण तिला गाडी बघ म्हणून ओरडायला लावलं, म्हणाली.

बाटल्यांत स्पिरिट नाही. माणसांच्या आठवणी आहेत. टोळी लोकांच्या डोक्यातल्या आठवणी काढून विकते. आळ विक्रांतवर आलाय. बहीणच त्याला पकडायला निघालीय. शेवटी तो निर्दोष ठरतो, पण तोवर गोळी लागलेली असते, आणि मरताना तो तिला एक बाटली देतो. त्यात दोघांच्या लहानपणाची आठवण असते. तिथे यशोधरा हसायची थांबली. डोळे पुसले. मला म्हणाली, किती सुंदर आहे रे हे.

मला काहीच सुंदर दिसलं नाही. मी कॅसेट मागे-पुढे करत राहिलो. शेवटी व्हीसीआरने ती चावली. पेन्सिल घालून सोडवली.

सोमवार, ४ ऑगस्ट

रात्रभर विचार केला. मार्ग सापडला.

इंग्लिशमध्ये ‘ब्रदर’ कुणालाही म्हणतात! आपल्या श्रीरामपुरात चर्चमध्ये किती ब्रदर आहेत. ते काय सगळे एकमेकांचे सख्खे आहेत? यशोधरेला सांगितलं. ती म्हणाली, ‘एल्डर’ लिहिलंय, थोरला. म्हटलं, चर्चमध्ये थोरलेही असतील.

खात्री करून घ्यावी.

बुधवार, ६ ऑगस्ट

गल्लीच्या टोकाला मोनिका टीचर राहतात. इंग्लिश मीडियमला शिकवतात, रविवारी चर्चमध्ये गातात. त्यांना विचारलं, एखादी बाई एखाद्याला ब्रदर म्हणाली, पण तो तिचा भाऊ नसला, तर तो कोण?

त्या म्हणाल्या, मग तो धर्माचा ब्रदर असणार.

मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हणजे लग्न करायला हरकत नाही?

टीचर म्हणाल्या, अरे देवा! लग्न न करायचीच तर शपथ घेतात ते! तुला व्हायचंय का ब्रदर? फादरशी बोलू का?

नको म्हटलं आणि निघालो. म्हणजे विक्रांत एक तर तिचा भाऊ आहे, नाहीतर आजन्म ब्रह्मचारी. दोन्हीकडून माझंच नुकसान.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज कुणावर रागावलो नाही. दिवसभर झोपून होतो.

रविवार, १० ऑगस्ट

उपाय! खाली इंग्लिश पळतं तिथेच आमची जाहिरातीची पट्टी पळवायची. ‘गणेशोत्सवानिमित्त कापडावर सूट’, ‘शुद्ध तुपातले पेढे’. इंग्लिश झाकलं की वॉर्ड सातसाठी विक्रांत कोणाचाही भाऊ नाही. नाथाभाऊ खूश. म्हणाले, तीन तास पट्टी चालंल, लई जाहिराती घेतो.

आता प्रश्न यशोधरेचा. तिला वाक्य दाखवलं. ती म्हणाली, हे मी म्हणणार नाही. सख्ख्या भावाला कोण असं म्हणतं? म्हटलं, पण लोकांना मी शब्द दिलाय. म्हणाली, तू दिलास, तूच म्हण.

मग म्हणाली, मरणाऱ्या माणसाने तिला स्पिरिटची बाटली दिली असं लिहिलंयस, हे तरी वाच तू परत. वाचलं. खरंच जरा वेगळं वाटलं. पण सुरुवातीपासून स्पिरिट आहे, आता बदललं तर लोक काय म्हणतील?

भांडण झालं. मी कागद फाडले. नंतर जोडून चिकटवले, कारण दुसरी प्रत नव्हती. ती शेवटी म्हणाली, मी येईन. प्रसंगाला जे योग्य वाटेल ते बोलेन.

म्हणजे विरघळली.

रविवार, १७ ऑगस्ट

शांतपणे, क्रमाने लिहितो.

चारला सुरू. नाथाभाऊंनी शेजारच्या ओट्यावर टीव्ही काढून ठेवला होता, तिथे पण माणसं. लंकाबाई पुढे. आई आणि आबाही. आबा!

पहिले दोन तास उत्तम. पट्टीने कामगिरी चोख केली. मध्येच रागिणी रडत असताना खालून ‘मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज’ गेलं, पण लोकांना सवय आहे.

मग तो सीन. पूल. पाऊस. विक्रांतला गोळी लागते. तो बाटली पुढे करतो, माझ्या कागदाप्रमाणे मी म्हणतो, ‘हा पुरावा घे, रागिणी.’ तो डोळे मिटतो. मरतो. ती त्याचं डोकं मांडीवर घेते. ती म्हणते, ‘आनि…’

मी कागदावर बोट ठेवलं. यशोधरेने कागदाकडे पाहिलंच नाही. माइकजवळ झाली आणि म्हणाली, ‘दादा… डोळे उघड ना. आपल्या अंगणातली आठवण आहे रे यात. तू मला झोका दिला होतास, आठवतं?’

दादा! अख्ख्या वॉर्डात!

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. बहुतेक मेन लाईन. मी माइक ओढला आणि ओरडलो, ‘मी तुझा भाऊ नाही!’

पडद्यावर विक्रांत मेलेला. तोंड बंद. डोळे बंद. पावसाचं पाणी गालावरून चाललेलं.

यशोधरेने माइक परत ओढून घेतला. मग रागिणीच्याच आवाजात, थंडपणे म्हणाली, ‘मग इतके दिवस कोण होतास?’

इथे विक्रांतचं नाव घ्यायचं हे मला सुचलं नाही. मी म्हणालो, ‘मी सम्राट! आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे!’

बाहेरून असा आवाज आला की जणू सगळ्या वॉर्डाने एकदम श्वास घेतला.

यशोधरा म्हणाली, ‘सम्राट, तू मेलायस ना? मग गप पड. पुढचं वाक्य माझं आहे.’

मी गप पडलो. दुसरं काय करणार? खरंच मेलेलो होतो. उरलेला पिक्चर तिने एकटीने केला. रागिणी, साहेब, पोलीस, टोळी, सगळं. बाटलीत आठवणी असतात हेही तिने मध्येच सांगून टाकलं. कुणी विचारलं नाही की स्पिरिट कुठे गेलं. संपला तेव्हा ओट्यावर बायका रडत होत्या. नाथाभाऊसुद्धा. वायरिंगच्या पेटीकडे तोंड करून, पण मी पाहिलं.

घरी येताना आबा बरोबर चालत होते. दाराशी म्हणाले, पोरगी चांगली वाचती. एवढंच.

सोमवार, १८ ऑगस्ट. राखी पौर्णिमा

सकाळी दुरुस्तीला निघालो. पहिल्याच घरी एक म्हातारी ताट घेऊन उभी. म्हणाली, ये रं आनि. तिला भाऊ नाही. हात पुढे करावा लागला.

बातमी पसरली. दुपारपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत राख्या. वॉर्ड सातमध्ये आता ‘आनि’ म्हणजे भाऊ. लंकाबाईंनी सोनेरी गोंड्याची बांधली आणि म्हणाल्या, आता वायर कापशील तर बहिनीची कापशील, ध्यानात ठेव.

आई म्हणाली, आपल्यात न्हाई पाळत, पर सोडू नको, लोकांनी मायेनं बांधलंय. आबा फोटोकडे बघून हसले. फोटोही हसला असावा, पण मी वर पाहिलं नाही.

यशोधरा दिसली नाही. ही जमेची बाजू.

बुधवार, २० ऑगस्ट

संकल्प. पुन्हा प्रयत्न करायचा. चूक पद्धतीची होती, माणसाची नव्हे. मी दुसऱ्याच्या तोंडून बोललो. आता माझ्या तोंडाने बोलायचं. कागद नाही, पडदा नाही, विक्रांत नाही. ती ‘गप पड’ म्हणाली, हे मान्य. पण ते विक्रांतला म्हणाली असण्याची शक्यता आहेच.

रविवार, २४ ऑगस्ट

दुपारी खोलीत गेलो तर यशोधरा एकटी बसली होती. आकाशवाणीला आवाजाचा नमुना पाठवायचाय, नाथाभाऊंनी माइक आणि टेप वापरायला दिलाय, म्हणाली. समोर कागद, तिच्या स्वतःच्या अक्षरातला.

म्हटलं, दोन मिनिटं. ती थांबली.

मी म्हणालो, यशोधरा, मला तू आवडतेस. तुला मी आवडतो का?

वाक्य लहान होतं. मी बरंच मोठं पाठ करून गेलो होतो, पण तेवढंच निघालं.

ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, हे तू मला पहिल्यांदा विचारलंस, सम्राट. आजवर नुसतं लिहून देत होतास. म्हटलं, मग? म्हणाली, मग नाही. रागावू नकोस. मला तुझ्याबद्दल तसं काही वाटलं असतं, तर ते मी माझ्या शब्दांत बोलले असते. तू लिहून दिलेलं वाचून नव्हे. इतके रविवार बसलो आपण शेजारी, मी स्वतःहून काही बोलले का?

मी आठवून पाहिलं. पाण्याची सूचना सोडली तर नाही.

मला राग आला. कुठून यायचा तिथून आला, नेहमीच्या जागेवरून. पण कुणावर काढायचा ते कळेना. ती काही खोटं बोलली नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, आणि उभाच राहिलो. तिने टेप चालू केली, कागद उचलला, ‘नमस्कार, श्रोतेहो’ म्हणाली आणि थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाली, सम्राट, तुझा श्वास टेपवर येतोय.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज तोच, गार पाण्यासारखा. मी बाहेर पडलो. दार आपटणार होतो. पूर्ण ताकदीने. पण आत टेप फिरत होती, म्हणून दोन्ही हातांनी धरून हळूच ओढून घेतलं आणि कडीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही.